कुमारी शैलाचं स्वतःचं कडवं

शैलाच्या अल्बममध्ये माझ्या कुकरच्या नऊ शिट्ट्या आहेत. मोजल्यात मी. सातव्या गाण्यात तर दोन लागोपाठ आहेत आणि त्यांच्या मागून माझाच आवाज येतो, "गॅस बंद करू का गो?" त्यावर गाता गाताच तिने जो "हूं" म्हटलाय तो इतका सुरात म्हटलाय की परक्याला वाटावं, चालच तशी आहे.

अल्बम म्हणजे आता पूर्वीसारखी कॅसेट नव्हे. फोनमध्ये असतो, हातात धरायला काही नाही. त्याच्यावर लिहिलंय, "कुमारी शैला : दुर्मिळ आणि अप्रकाशित गाणी". अप्रकाशित म्हणजे काय, असं तिने मला विचारलं होतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. म्हटलं, अंधारात राहिलेली. तर म्हणाली, "मग तसं सरळ लिहा की." तिने तो अल्बम महिनाभर रोज ऐकला आणि भाद्रपदात ती गेली. आता लोक मला विचारतात की बाई, शेवटच्या गाण्याआधी तीन मिनिटं कोण बोलतंय, आणि ते कापलं का नाही? ते सांगायचं तर शैलाच सांगायला हवी.

पोलादपुरात आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून. तिचं खरं नाव शेवंती. बावीस-तेवीस वर्षांची असताना मुंबईच्या एका कंपनीने तिच्या कॅसेटी काढल्या, एकूण तीन. हळदीची गाणी, चालीला आपल्या मातीची आणि मागे ढिंगच्याक ढिंगच्याक. कंपनीवाल्यांनी शेवंतीची शैला केली आणि पुढे "कुमारी" लावलं. तेव्हा तिचा थोरला मुलगा पाळण्यात होता. तिसऱ्या कॅसेटच्या वेळी घरात तीन मुलं, तरी ही कुमारीच. तिचे यजमान तहसीलदार कचेरीत कारकून होते, शांत माणूस. कुणी नवीन भेटलं की स्वतःची ओळख करून द्यायचे, "मी कुमारीचा नवरा." कॅसेटवर फोटो भलत्याच मुलीचा होता, कपाळावर बिंदी, खांद्यावर घागर. शैला सगळ्यांना सांगायची, "मीच ती, उन्हात काढलाय म्हणून वेगळी दिसते."

तो काळ असा होता की महाडपासून आंबेनळी घाटापर्यंत प्रत्येक जीपमध्ये तिची कॅसेट वाजायची. लग्नात नवरीला हळद लागायची ती शैलाच्या आवाजातच. आणि तिला ते पुरत नसे. आम्ही बांगड्या भरायला महाडला गेलो की बाजारपेठेतल्या कॅसेटच्या दुकानात ती शिरणार म्हणजे शिरणार. आधी आपल्या कॅसेटी मागच्या रांगेतून काढून पुढे ठेवायच्या, मोठमोठ्या गवयांच्या डोक्यावर. मग परक्यासारखं विचारायचं, "कुमारी शैलाची काही आहे का हो?" दुकानदार ओळखायचा, गालात हसून म्हणायचा, "आहे ना, फार चालते." एकदा गल्ल्यावर त्याचा नवा भागीदार होता. तो म्हणाला, "ती आता नाय चालत, ताई. दोन पडून हायत, अर्ध्या किमतीत घेऊन जा." शैलाने दोन्ही घेतल्या. येताना एसटीत पोलादपूरपर्यंत बोलली नाही. उतरताना म्हणाली, "बघ कमळे, माल संपला त्याच्याकडचा."

गायला बसायची तिची रीत ठरलेली. पदराच्या गाठीतून खडीसाखर काढून तोंडात धरायची. मग बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक काढून माझ्या मिठाच्या बरणीच्या झाकणात ठेवायच्या, आणि जाताना एक तरी विसरायची. कुणी मध्ये बोललं तर म्हणायची, "मी गाते ना? मग ऐकायचं काम तुम्ही करा. दोन्ही कामं मी एकटी कशी करू?" हे वाक्य ती भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची, कशाच्या संदर्भात ते देव जाणे.

पण माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्या तीन कॅसेटींत नाहीत. त्या आहेत पत्रांत.

आमच्या भागातले पुरुष मुंबईला, बायका गावाला, असाच संसार. बायकांना लिहिता येत नसे. आमच्या ह्यांनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला आणि मग मी एक धंदा सुरू केला, धंदा म्हणजे बिनपैशाचा. बाजाराच्या दिवशी उमरठ, कुडपण, कुठकुठच्या बायका खाली उतरायच्या, माझ्या स्वैपाकघरात बसायच्या, कारण तिथे हायवेचे भोंगे ऐकू येत नसत, आणि कॅसेटीत नवऱ्याशी बोलायच्या. म्हैस व्याली, आईला बरं नाय, येताना बरणी आणा. कॅसेट मुंबईला जाणाऱ्याबरोबर जायची. गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीवर नवरा ऐकायचा, दुसऱ्या बाजूवर आपलं बोलणं भरायचा आणि परत पाठवायचा. एक बाजू आपली, एक बाजू त्यांची. अशी पद्धतच पडून गेली.

बायकांचं बोलणं संपलं की बाजू उरायची. ती फुकट कशी घालवायची? मग भिंतीपलीकडून शैला यायची. त्या बाईने जे सांगितलं असेल त्याचंच गाणं जागच्या जागी रचायची आणि गायची. म्हशीचं गाणं, बरणीचं गाणं. शेवटी एक कडवं मात्र स्वतःच्या मनाचं घालायची, त्या बाईने न सांगितलेलं. त्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी म्हणायची, पत्र त्यांचं आहे, तू कशाला नाक खुपसतेस? तर म्हणायची, "पोस्टमन शिक्का मारतो की नाही? तसं हे."

आता पारूचं.

पारू कुडपणची. नवरा सखाराम मुंबईत बिस्किटाच्या कंपनीत. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यात एकत्र राहिले असतील ते दोन शिमगे आणि एक गणपती. पारू बोलायला बसली ती पहिल्यांदाच, आणि आधी मानच वर करेना. मग लागली बोलायला ती थांबेना. त्या दिवशी शैलाचा आवाज असा लागला की मी पोळपाटावर लाटणं तसंच धरून उभी राहिले. पुढे तिने कितीही गायलं तरी तसं पुन्हा नाही. शेवटी तिचं ते नेहमीचं कडवं आलं:

बिस्किटवाल्या राया, तुझा चहा झाला गार,
तिकडं कोन भेटली का रं, इसरलास घरचं दार?

आम्ही हसलो. पारूही पदर तोंडाला लावून हसली.

महिन्याभराने कॅसेट परत आली. पारू डोंगर उतरून आली, बरोबर शेजारणी. चहा झाला, सगळ्याजणी दाटीवाटीने बसल्या, मी दुसरी बाजू लावली. नुसतं सूंऽऽ. पुढे पळवलं, तरी सूंऽऽ. अख्खी बाजू कोरी. सात-आठ बायकांच्या देखत. पारूचं तोंड उतरलं ते मला आजही दिसतं. आणि मी, ज्या बाईने गप्प बसायला हवं होतं तिने, म्हणून गेले की शैला, तुझं ते कडवं जरा जास्तच झालं.

झालं. पारूने कॅसेट काढली, कमरेला खोचली आणि उठली. त्यानंतर तीसेक वर्षं ती शैलाशी बोलली नाही. दर उन्हाळ्यात तिचा फणस माझ्याकडे यायचा, निरोपासकट: "तुमच्यासाठी हाय, पलीकडं द्यायचा नाय." पुढे सखाराम नोकरी संपवून गावी आला, शेती बघायला लागला, मुलं झाली, नातवंडं झाली, तरी हा निरोप चालूच.

शैलाने एवढ्या वर्षांत त्यावर एक शब्द काढला नाही. पण पत्रांच्या शेवटी स्वतःचं कडवं घालणं तिने त्या दिवसापासून बंद केलं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

नंतर कॅसेटी गेल्या, फोन आले. शैलाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि आवाजही गेला. बोलायची ती घोगरं, वाळक्या पानावर पाय पडावा तसं. नातवंडं तिला घोगरी आजी म्हणत. एकदा नातीने शाळेत सांगितलं की माझी आजी गायिका होती, तर पोरं हसली. नात घरी येऊन म्हणाली, "आजी, खरं सांग, तू गायचीस?" शैलाने मुंबईच्या कॅसेटी लावून दाखवल्या. त्यात ढिंगच्याक एवढं की आवाज त्याच्या खाली गाडलेला. नात म्हणाली, "ही कोणीपण असेल." ते तिला लागलं. मला म्हणाली, "कमळे, माझा आवाज असा नागडा, नुसता, कुठे आहे माहीत्ये? तुझ्या स्वैपाकघरात."

तिच्या भावाची मुलगी श्रुती मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिने हे ऐकलं आणि म्हणाली, आत्ये, या कॅसेटी जमवू, आपण तुझा अल्बम काढू. शैलाने एकच अट घातली. गाणं आपलं असलं तरी पत्र त्या बाईचं. प्रत्येकीला घरी जाऊन विचारल्याशिवाय एक ओळ घ्यायची नाही. श्रुती म्हणाली, फोन करू. शैला म्हणाली, "फोनवर माणूस हो म्हणतं आणि मनात नाय म्हणतं."

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या गावोगाव. काय काय निघालं! उमरठच्या एकीची कॅसेट मिळाली तर शैलाचं गाणं अर्ध्यावर कापून पुढे गणपतीची आरती भरलेली. ती म्हणाली, "देवाचं हाय, पुसलं म्हनून रागवायचं नाय." दुसरीने परवानगी दिली, पण सासूबद्दल जे बोलले ते काढा म्हणाली. सासू जाऊन वीस वर्षं झालेली. "तरी पन," म्हणाली, "भिंतीवर फोटो हाय." महाडच्या एकीची कॅसेट पुरात घरातल्या सगळ्याबरोबर चिखलात गेली होती. तिने ती धुऊन, आतली पट्टी दोरीवर शेवयांसारखी वाळत घातली होती, फेकवेना म्हणून. श्रुतीने त्यातूनही एक गाणं काढलं. आवाज वर-खाली हेलकावत होता. शैला ऐकून म्हणाली, "इथे मी प्यायलेली वाटत्ये." पण ठेवलं तिने ते.

अशी अकरा जमली. श्रुती म्हणाली, पुरे. शैला म्हणाली, "नाय. बारावं आहे." कोणतं ते मला विचारावं लागलं नाही. नातीला ऐकवायचा तो आवाज त्याच एका कॅसेटीत होता. आठ दिवस नुसतं उद्या जाऊ, उद्या जाऊ चाललं. जी बाई हजार माणसांसमोर गायली ती पारूच्या अंगणाला भीत होती. शेवटी मीच जीप ठरवली. जीपमध्ये तिने तीन वेळा मला विचारलं की फणस घेऊन जावं का. म्हटलं, कुडपणला फणस? मग खडीसाखरेची पुडी घेतली.

कुडपणला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. सखारामभावोजी पडवीत सुपात वाल निवडत बसलेले. पारूने मला "या वैनी" म्हटलं, दोघींना पाणी दिलं, शैलाकडे बघितलं नाही. शैलाने त्या घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं, आवाज गेल्याचं, नातीचं, अल्बमचं. तोवर पारूने तिचा हा आवाज ऐकलेलाच नव्हता. तिने एकदम मान वर केली. तरीही म्हणाली, "कॅसेट हाय. तांदळाच्या कणगीत हाय, निरगुडीच्या पाल्यात. पन तिच्यात नुसतं तुझं गानं नाय. ती कोरी बाजू बी हाय. ती मी लोकांना नाय द्यायची."

"कसली कोरी?" भावोजींनी विचारलं.

मग मीच सांगितलं. तुम्ही मुंबईहून परत पाठवलेली कॅसेट, ती.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोरी कशी? मी बोललो व्हतो."

"काय बोललात?" पारू.

"बोललो व्हतो ना. अख्खी बाजू. रविवार व्हता, खोलीवर कोन नव्हतं. मुद्दाम तसा दिवस बघितला, मानसांसमोर लाज वाटायची. चाकं फिरत व्हती की चांगली."

शैला पुढे सरकली. टेपरेकॉर्डर म्हणजे तिचं राज्य. "भावोजी, बटण कुठलं दाबलंत?"

"ते बानाचं. चालू करायचं."

"आणि त्याच्या शेजारचं लाल? ती दोन्ही एकदम दाबायची असतात."

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. "लाल कशाला दाबू? कंपनीत लाल बटन दाबलं की मशीन बंद व्हायची. आमाला सांगितलेलं, लालाला हात लावायचा नाय."

मला हसू आलं ते मी पाण्याच्या भांड्यात लपवलं, आणि लपवता लपवता वर बघितलं तर पारूचे डोळे भरलेले.

"बोललात काय पन?" तिने पुन्हा विचारलं.

"अर्धी खोली मिळत व्हती भाड्यानं. ये म्हटलं व्हतं. यायचं असंल तर उलट कॅसेट पाठव, म्हटलं. तू पाठवली नाय. शिमग्याला आलो तर तोंड फिरवून बसलीस. मी समजलो, हिला मुंबई नको."

"मी तोंड का फिरवलं ते इचारायचं तरी."

"तू इचारलंस?"

वाल निवडायचे राहिले होते. पारूने सूप ओढलं, दोन खडे काढून फेकले, पुन्हा ठेवलं. मग शैलाकडे वळून, तीस वर्षांनी पहिल्यांदा, तिच्याशी बोलली. "म्हंजे तुझ्या कडव्याचा काय दोष नव्हता गो."

शैलाने लांब श्वास घेतला. मला वाटलं आता रडते. तर म्हणाली, "मग इतकी वर्षं तुझे फणस मी हिच्याकडे चोरून खाल्ले ते कशाला? उघड खाल्ले असते."

पारू हसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, तुमी दिलेत?" सगळा दोष मुळात माझ्या जिभेचा, तो तेव्हा पदरात घेतला. म्हटलं, पारू, कडव्याचं मी बोलून गेले होते. ती म्हणाली, "म्हाईत हाय. तुमाला फनस पाठवीत व्हते तो रागातच. बरक्यातले निवडून, पिळपिळीत."

मग कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने कॅसेट काढली. पण तिची अट होती. गाण्याआधीचं तिचं बोलणं कापायचं नाही. बाविसाव्या वर्षी आपण नवऱ्याशी कसं बोलत होतो ते तिला ऐकायचं होतं, लोकांनी ऐकलं तरी चालेल म्हणाली. मी शैलाकडे बघितलं. बाकीच्या अकरा गाण्यांत बायकांचं बोलणं तिनेच श्रुतीला काढायला लावलेलं, "माझा अल्बम आहे, बाजार नाही" म्हणून. पण पारूला ती चटकन म्हणाली, "राहील. आधी तू, मग मी." म्हणून त्या शेवटच्या गाण्याआधी तीन मिनिटं म्हैस, आई, बरणी असं सगळं आहे, आणि शैला त्यानंतर येते. नातीने ते ऐकलं आणि उठून ती घोगऱ्या आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

पण मला शैला आठवते ती त्या दिवशीची, कुडपणची. नंतर आम्ही दोघी मिळून पुन्हा कुठे गेलोच नाही.

निघायच्या आधी तिने आपला फोन काढला. भावोजींना म्हणाली, तुमची बाजू राहिलीय, ती आता भरा. ते नको नको करायला लागले, आता काय उरलंय म्हणाले. पारू म्हणाली, "बोला हो." शैलाने फोन त्यांच्या गुडघ्याशी ठेवला, लाल खूण लागली का ते दोनदा बघितलं, त्यांनाही दाखवलं आणि मला दंडाला धरून अंगणात आणलं. मी म्हटलं, जरा दाराशी थांबू, काय बोलतात ते कळेल. तर म्हणाली, "दुसऱ्याचं पत्र आहे ते, कमळे," आणि मला पार फणसापर्यंत ओढत नेलं.

आतून भावोजींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा पारूचा. शैला फणसाला टेकून उभी होती, घराकडे पाठ करून. तिचे ओठ हलताना मला दिसले.

"काय गो?"

"कडवं सुचतंय," ती म्हणाली.

म्हटलं, मग जा की आत, आवाज कसाही असू दे, घाल.

तिने पदराची गाठ सोडली, खडीसाखरेचा चांगला मोठा खडा काढला, तोंडात टाकला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.